गाडीचे पूर्वचरित्र

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण गृहस्थ आमची जुनी मोटार पाहण्यासाठी घरी आले. माझ्या वडिलांनी १९६६ साली मद्रासेत नवी विकत घेतलेली ही फियाट ११०० आता साठीच्या घरात आली आहे. जन्माने ती मुंबईकर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. आयुष्य मात्र आमच्याप्रमाणेच तिनेही दक्षिणेत काढले. माझे गुडघे हल्ली क्लच दाबताना कुरकुर करतात, मुले दूरदेशी आहेत. तेव्हा जो तिला प्रेमाने सांभाळील त्याच्या स्वाधीन ती करावी, असा विचार मनात होता. त्या तरुणाने बॉनेट उघडून पाहिले, दारे दोनदा उघडून मिटली, खाली वाकून चासीवरून बोट फिरविले आणि उठता उठता विचारले, "गाडी ओरिजिनल आहे ना, सार?"

'हो' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो तेथेच अडला.

प्रश्न सरळ व्यवहाराचा होता. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार-वाहनांच्या नियमांत दुरुस्ती केली, तेव्हापासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या खाजगी गाड्यांना 'विंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळू शकते. मात्र गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशी नोंदणी मिळणे संभवनीय असेल तर गाडीची किंमत वाढते, नसेल तर उतरते. त्या तरुणाने काही गैर विचारले नव्हते. परंतु त्याच्या प्रश्नातील एका शब्दाने मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. 'ओरिजिनल' या शब्दात आपण मराठी माणसे तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. मूळची, अस्सल आणि खरी. मूळची वस्तू म्हणजे आरंभी होती तीच. अस्सल म्हणजे नक्कल नसलेली. आणि खरी म्हणजे जी स्वतःविषयी खोटे सांगत नाही ती. या तिन्ही गोष्टी एका गाडीत एकत्र नांदतातच असे नाही. मग त्यांतील कोणती नसली असता आपण फसविले गेलो, असे म्हणावे?

मोटारींचे वेड मला वडिलांकडून लाभले. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम् येथे दुसऱ्या महायुद्धातील एक विमानांची धावपट्टी होती. तिच्यावर मोटारींच्या शर्यती होत. पुढे १९९० साली शहराच्या दुसऱ्या बाजूस, इरुंगाट्टुकोट्टै येथे, खास शर्यतींसाठी बांधलेला मार्ग तयार झाला आणि शोलावरम् मागे पडले. परंतु माझ्या पिढीच्या मनातील शर्यत म्हणजे ते ऊन, ती धूळ, आणि गवताच्या पेंढ्यांपलीकडून येणारा एरंडेलमिश्रित धुराचा वास. शर्यतीपेक्षाही मला ओढ असे ती दोन फेऱ्यांमधील अवकाशाची. तेवढ्या वेळात गाड्यांची बॉनेटे उघडली जात, एखाद्या गाडीचा कार्ब्युरेटर दुसरीत चढे, फुटलेले मडगार्ड हातोडीने ठोकून तारेने बांधले जाई, आणि सकाळी जी गाडी होती ती दुपारी निम्मीच ती असे. पण ध्वनिक्षेपकावरून नाव तेच पुकारले जाई, आणि आम्हीही त्याच नावाने टाळ्या वाजवीत असू.

तेव्हापासून माझे असे मत बनले आहे की शर्यतीच्या गाडीला मूळ रूप असे काही नसतेच. ती झिजण्यासाठीच जन्माला येते. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे, टायर, ब्रेकचे पट्टे हे सारे तिला इंधनासारखेच लागते. काही लवकर संपते, काही उशिरा, एवढाच भेद. काचेच्या कपाटात ठेवलेली, एकही खिळा न बदललेली स्पोर्ट्‌स मोटार पाहिली म्हणजे मला पेटीतून कधीच बाहेर न काढलेल्या सतारीची आठवण होते. फ्रान्समधील ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आरंभीच्या काळी असा दंडक होता की वाटेत काही मोडले तर चालकाने स्वतः, गाडीत बाळगलेल्या हत्यारांनी व सुट्या भागांनीच ते दुरुस्त करावे. १९२७ साली एका बेंटली मोटारीने रात्रीच्या अंधारात मोठ्या अपघातात सापडूनही, पुढचा ॲक्सल वाकलेला, एक दिवा फुटलेला, अशा स्थितीत ती शर्यत जिंकली. ती वाकली होती म्हणून कोणी तिचा विजय नाकारला नाही. किंबहुना वाकूनही ती धावली, हेच तिचे मोठेपण ठरले.

येथवर माझे विचार एखाद्या शौकिनाला शोभतील असेच होते. परंतु बेंटलीचेच दुसरे एक उदाहरण मला अडचणीत टाकते. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी साडेसहा लिटर इंजिनाची स्पीड सिक्स बेंटली १९२९ साली ल मांस येथे पहिली आली. तेव्हा तिच्या अंगावर १ हा आकडा होता, आणि चालक होते वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन. पुढील वर्षी हीच गाडी पुन्हा पहिली आली. या वेळी बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन होता. १९३१ साली कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसच्या हाती गेली, तरी गाडीची कारकीर्द चालूच राहिली. त्याच वर्षी इंग्लंडातील ब्रुकलंड्स येथील पाचशे मैलांची शर्यत तिने जॅक डन्फी व सिरिल पॉल यांच्या हातून जिंकली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसविण्यात आले. त्या सप्टेंबरात, त्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत, जॅकचा धाकटा भाऊ क्लाइव्ह डन्फी ती चालवीत होता. ब्रुकलंड्सच्या मार्गाची वळणे कढईच्या काठाप्रमाणे उंच चढत गेलेली होती. अशाच एका काठावरून गाडी पलीकडे कोसळली आणि क्लाइव्ह जागच्या जागी मृत्यू पावला. बार्नाटोने पुढे त्या गाडीवर बंद टपाचा, दोन आसनांचा नवा सांगाडा चढवून घेतला. आणि कित्येक दशकांनंतर तिला पुन्हा ल मांसच्या वेळचे उघडे रूप देण्यात आले.

१९९० साली ही गाडी सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पण खरेदीदाराने पाय मागे घेतला. त्याचे म्हणणे असे, की ही ती गाडीच नव्हे. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा एकेक भाग, एकेक कागद तपासला. १९२९ साली जिंकलेल्या गाडीपैकी काही किरकोळ जोडसामान सोडले तर काहीच उरले नव्हते. जे मोठ्या प्रमाणात शिल्लक होते ते १९३२ च्या रूपातले, म्हणजे चासी आणि आठ लिटरचे इंजिन. तरीही न्यायमूर्तींनी निर्णय दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. ही गाडी कधीही मोडीत निघाली नाही, कधी नाहीशी झाली नाही; एका रूपातून दुसऱ्या रूपात ती उघडपणे बदलत गेली, आणि तिचा इतिहास कोठेही तुटला नाही; म्हणून ती अस्सल 'ओल्ड नंबर वन'च होय, असा त्या निर्णयाचा आशय होता.

प्रश्न फार जुना आहे. प्लूटार्कने थीसिअसच्या नौकेविषयी लिहिताना तो मांडला आहे: कुजलेली एकेक फळी काढून नवी बसवीत गेलो तर शेवटी नौका तीच राहते काय? सतराव्या शतकात हॉब्सने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांची दुसरी नौका बांधली तर खरी कोणती? आपल्याकडे मिलिंदप्रश्नातील रथाचा संवाद सर्वपरिचित आहे. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना? मग दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की या सर्वांच्या आश्रयाने 'रथ' हे केवळ एक नाव चालते.

तर्कशास्त्राच्या वर्गात बहुधा येथेच थांबतात. वस्तू म्हणजे एक नाव, सोयीची समजूत. तेव्हा वाद मिटला. परंतु नागसेन येथे थांबत नाही. त्याच ग्रंथात आंबे चोरणाऱ्याचा दाखला आहे. चोर म्हणतो, या माणसाने जमिनीत पुरले ते आंबे निराळे आणि मी झाडावरून काढले ते आंबे निराळे; त्याचे आंबे मी घेतलेच नाहीत. राजाला हे मान्य नाही. चोर दंडास पात्र आहेच, कारण या आंब्यांचा उगम त्या आंब्यांतून झाला आहे. म्हणजे 'तेच' कशाला म्हणावे हा प्रश्न नागसेनाने हिशेबाच्या प्रश्नाशी नेऊन जोडला. कालच्या कृत्याचा जाब आज कोणाला विचारावयाचा, हे ठरविण्यासाठीच आपल्याला 'तोच' आणि 'तीच' हे शब्द हवे असतात. मला वाटते, जुन्या मोटारींच्या वादातही हीच गोष्ट आपण विसरतो.

गाडीचे तीच-पण कशात आहे, याची तीन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर, तिच्या लोखंडात. हे टिकत नाही, कारण चालती गाडी लोखंड बदलल्यावाचून राहूच शकत नाही. दुसरे उत्तर, तिच्या रूपात. याला जग्वार कंपनीने नकळत उत्तर देऊन ठेवले आहे. १९६३ साली या कंपनीने हलक्या वजनाच्या अठरा ई-टाइप स्पोर्ट्‌स गाड्या करावयाचे ठरविले होते, प्रत्यक्षात झाल्या बाराच. न वापरलेले सहा चासी-क्रमांक कागदावर तसेच राहिले. पन्नास वर्षांनी, २०१४ साली, त्याच क्रमांकांवर, जुन्या गाड्यांबरहुकूम उरलेल्या सहा गाड्या करण्याचे कंपनीने जाहीर केले. रूप तेच, कारखानदार तोच, क्रमांकही त्या काळचे. पण यांतील कोणत्याही गाडीने १९६४ सालचा एकही पाऊस पाहिलेला नाही. त्या सुंदर असतील, वेगवानही असतील. १९६४ च्या गाड्या त्या नव्हेत, आणि त्या तसा दावा करीत नाहीत तोवर त्यांच्यात खोटे असे काही नाही. उलट 'ओल्ड नंबर वन'पाशी ना ते लोखंड आहे, ना ते इंजिन. पण तिच्यापाशी अखंड वृत्तांत आहे. तेव्हा तिसरे उत्तर उरते: गाडीचे तीच-पण तिच्या न तुटलेल्या चरित्रात आहे.

हे उत्तर मला पटते. पण ते स्वीकारले की त्याची किंमतही मोजावी लागते, आणि शौकीन लोक ती मोजण्यास सहसा तयार नसतात. अखंड चरित्राच्या बळावर जर एखाद्या गाडीने १९२९ व १९३० चे विजय आपल्या नावे सांगावयाचे असतील, तर १९३२ चा मृत्यूही तिने आपल्या नावे सांगितला पाहिजे. किंबहुना तोच आधी सांगितला पाहिजे. कारण तिच्या अंगावर आज जे लोखंड आहे ते मुख्यतः त्या वर्षाचे आहे. विजयाचे लोखंड गेले, मृत्यूचे राहिले. चरित्र अखंड हवे आणि त्यातली पाने मात्र निवडून हवीत, असे दोन्ही कोणालाही मागता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, हा भावनेचा खेळ झाला. लोखंडाला पाप कोठले आणि पुण्य कोठले? अपराध असलाच तर तो माणसाचा, वेगाच्या हव्यासाचा, मार्ग आखणाऱ्यांचा, टाळ्या वाजविणाऱ्यांचा. बिचाऱ्या यंत्राने काय केले? आक्षेप रास्त आहे, आणि मी तो पूर्णपणे मान्य करतो. पण मग पराक्रमही लोखंडाचा नव्हे. तोही बार्नाटोचा, बर्किनचा, रात्रभर न झोपलेल्या कारागिरांचा. एक कोटी पौंड देणारा लोखंडाच्या वजनाचे पैसे देत नसतो. माणसांच्या करणीची आठवण जिच्यात साठली आहे अशा वस्तूचे तो मोल करीत असतो. अभिमानाच्या वेळी वस्तूला स्मृतीचे पात्र म्हणावयाचे आणि शरमेच्या वेळी तिला मुके लोखंड म्हणावयाचे, ही पळवाट आहे. ती आपण गाड्यांच्या बाबतीत शोधतो, घराण्यांच्या बाबतीत शोधतो, देशांच्या बाबतीतही शोधतो.

म्हणूनच दुरुस्ती ही मला नीतीची गोष्ट वाटते. दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत. एक गाडी चालावी म्हणून केलेली, आणि दुसरी काही घडलेच नाही असे दिसावे म्हणून केलेली. कित्येकदा दोहोंत तेच हत्यार, तोच रंग, तीच पुट्टी वापरलेली असते. भेद असतो तो दुरुस्ती करून घेणाऱ्याच्या मनात. आमच्या गाडीचे काम पुष्कळ वर्षे एक वृद्ध मिस्त्री करीत असत. सुटे भाग ते पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारातून हुडकून आणीत. त्यांची एक रीत होती. जो भाग बदलला तो जुना भाग एका पोत्यात घालून ते मालकापुढे ठेवीत. झिजलेले बेअरिंग, चिरलेले रबर, खरवडलेला पिस्टन, हे सारे बोटाने दाखवून म्हणत, "हे पाहा सार, हे निघाले, हे बसले." पैशांचा हिशेब त्यानंतर. मी लहान असताना ही मला त्यांची विक्षिप्तता वाटे. आता वाटते की गाडीचे चरित्र अखंड ठेवणारा खरा इतिहासकार तोच होता.

एकदाच ते पोते परत गेले. आणि आता मला माझ्या गाडीकडे वळले पाहिजे.

१९७२ साली वडील मला शोलावरम्‌ची शर्यत दाखवून परत आणीत होते. मी बारा वर्षांचा होतो. दिवसभर वेग पाहून डोके तापले होते. रेड हिल्स जवळ आले तेव्हा अंधार पडू लागला होता. मी शेजारच्या आसनावर गुडघे टेकून वेगाच्या काट्याकडे पाहत होतो आणि "आणखी जोरात, बाबा, आणखी जोरात" म्हणत होतो. वडील स्वभावाने अत्यंत सावध. पण त्या दिवशी त्यांनी माझे ऐकले. कच्च्या रस्त्यावरून सायकलीवर एक मुलगा आला. साधारण माझ्याच वयाचा असेल. डाव्या मडगार्डाचा आवाज मला आजही ऐकू येतो. वडिलांनी त्याला उचलून याच गाडीतून इस्पितळात नेले. मुलगा वाचला. त्याचा पाय मात्र पुन्हा सरळ झाला नाही. वडिलांनी उपचारांचा खर्च दिला, नंतरही काही वर्षे ते महिन्याकाठी कोठे तरी जात आणि आईला "कामाला जाऊन येतो" एवढेच सांगत.

मिस्त्रींनी पुदुपेट्टैहून दुसरे मडगार्ड आणून बसविले आणि रंग असा मिळविला की दिवसाउजेडीही कळू नये. मग रीतीप्रमाणे जुने, चेपलेले मडगार्ड त्यांनी पोत्यात घालून आणले. वडील म्हणाले, "ते घेऊन जा. मला दाखवू नका." मिस्त्री काही न बोलता पोते उचलून गेले. त्यानंतर आमच्या घरात त्या संध्याकाळविषयी कोणी बोलले नाही. १९८३ साली गाडीचे इंजिन बदलले, तेव्हा वडिलांनी स्वतः कचेरीत जाऊन नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणी-पुस्तकात चढवून घेतला. इंजिनाची नोंद सरकारी पुस्तकात आहे. मडगार्डाची नोंद कोठेच नाही.

वडिलांना मी दोष देत नाही. डोळ्यांपुढून ती वस्तू दूर करावी असे वाटणे मनुष्यस्वभावास धरून होते, आणि जे करावयाचे ते त्यांनी महिन्याच्या महिन्याला निमूटपणे केले. लपवाछपवी झाली असेल तर ती माझ्याकडून. पन्नास वर्षे मी मित्रमंडळींत या गाडीच्या गोष्टी रंगवून सांगितल्या; शोलावरम्‌च्या, उटीच्या घाटाच्या, पुरातून काढलेल्या वाटेच्या. "तीच ही गाडी" असे म्हणून टपावर थाप मारली. डाव्या बाजूस उभा राहून मात्र मी कधीच काही सांगितले नाही.

त्या तरुणाला मी दुसऱ्यांदा बोलाविले. नोंदणी-पुस्तक पुढे ठेवून इंजिनाची हकीकत सांगितली. त्याचा चेहरा किंचित् उतरला, आणि किंमत किती खाली येणार हे मला समजले. मग मी त्याला डाव्या मडगार्डापाशी नेले आणि १९७२ सालची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली. थोड्या वेळाने, माझी समजूत घालावी अशा स्वरात तो म्हणाला, "मडगार्डाने नियमाला काही बाधा येत नाही, सार." त्याचे बरोबर होते. आम्ही ठरविलेल्या कमी किमतीत गाडी त्याने घेतली, आणि जाण्यापूर्वी एक विनंती केली. तुम्हाला आठवते तेवढे सारे लिहून द्या, म्हणाला; गाडीबरोबर राहील.

त्या रात्री मी लिहावयास बसलो. खरेदीचे वर्ष, रंग किती वेळा बदलला ते, १९८३ चे इंजिन, क्लचच्या पट्ट्या, दोनदा बोअर केलेले सिलिंडर, मिस्त्रींच्या पोत्यांतून पाहिलेले आठवतील तेवढे भाग. मग १९७२ साल, रेड हिल्स, संध्याकाळची वेळ, डावे मडगार्ड. गाडी कोण चालवीत होते ते लिहिले. वेग वाढविण्यास कोण सांगत होते तेही लिहिले. पुढे सायकलीवरील मुलाचे नाव लिहावयाचे होते, आणि ते मला ठाऊक नाही हे तेव्हा प्रथमच ध्यानी आले. वडिलांना ते ठाऊक होते. त्यांना मी कधी विचारले नाही. कागदावर तेवढी जागा मोकळी ठेवून मी तो घडी घातला आणि सकाळी गाडीच्या किल्लीबरोबर त्या तरुणाच्या हाती दिला.